क्लिक सर्वांत शेवटी : जुन्या स्पोर्ट बाइकच्या सस्पेन्शनच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर (ओडोमीटर ४१,२६० कि.मी.)

गाडी ६०० सीसीची, चार सिलिंडरची, पुढे ४१ मि.मी. जाडीचा उलटा फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची जोडी; उलटा म्हणजे जाड नळी वर) आणि मागे लिंकेजवर (चाक आणि शॉक यांना जोडणाऱ्या सांधेदार दांड्यांवर) बसवलेला एकच शॉक (स्प्रिंग आणि तेलाचे नळकांडे), अशी नेहमीच्या मांडणीची आहे. नाव आणि वर्ष मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की वाचणारा थेट शेवटच्या आकड्यांवर जातो आणि ते आपल्या गाडीवर लावतो; या नोंदींतले आकडे या गाडीचे, या टायरांचे आणि पोशाख, बूट व हेल्मेट धरून ८४ किलो भरणाऱ्या माझ्या वजनाचे आहेत.

तक्रार विचित्र आहे. लहान खड्ड्यांवर आणि रस्त्याच्या सांध्यांवर पुढचा भाग इतका ताठ लागतो की अर्ध्या तासात मनगटे दुखू लागतात, आणि तरीही ब्रेक दाबला की गाडी झपकन नाक खाली घालते. एकच फोर्क एकाच वेळी कडक आणि मऊ कसा असू शकतो, हे कोडे सुटल्याखेरीज कोणत्याही स्क्रूला हात लावायचा नाही असे ठरवले आहे.

आज फक्त गाडी मिळाली तशी लिहून काढली. प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत आत नेत क्लिक मोजले आणि पुन्हा तितकेच क्लिक मागे आणून ठेवले. हलक्या हाताने हे महत्त्वाचे आहे, कारण आत सुईसारखे टोक एका छोट्या भोकावर टेकत असते आणि जोर लावल्यास ते टोक आणि भोक दोन्ही कायमचे खराब होतात. प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कॉम्प्रेशन म्हणजे सस्पेन्शन दबताना आणि रीबाउंड म्हणजे ते परत वर येताना आतल्या तेलाने होणारा अडथळा. पुढचा प्रीलोड पूर्ण आत जाण्यास फक्त एक फेरा बाकी, पुढचा रीबाउंड बंद होण्यास एक क्लिक बाकी, पुढचे कॉम्प्रेशन पूर्ण बंद; मागचा रीबाउंड पूर्ण बंद, कॉम्प्रेशनचे तीन क्लिक बाकी आणि मागच्या स्प्रिंगची कडी आटे संपेपर्यंत आवळलेली. आधीच्या मालकाने ‘स्पोर्ट’ या शब्दाचा अर्थ ‘सगळे आवळा’ असा घेतलेला दिसतो. उजव्या फोर्कच्या नळीवर तेलाचा पातळ ओशटपणाही आहे. त्या बाजूचे ब्रेक पॅड काढून पाहिले. सुदैवाने कोरडे आहेत.

४ नोव्हेंबर

सस्पेन्शन सोडून बाकीच्या गोष्टी आज तपासल्या. गाडी पाहायला आलेल्या मित्राने पहिलाच प्रश्न विचारला, “अरे, हवा तरी बघितलीस का?” बघितली नव्हती. थंड टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयच निघाली. माहितीपुस्तिकेत ३६ आणि ४२ आहे. मागचा टायर मधोमध झिजून चौकोनी झाला होता आणि त्याच्या बाजूवरची चार अंकी खूण २३१८, म्हणजे २०१८ सालच्या २३व्या आठवड्यातील होती. असा टायर गाडी झुकवताना आधी हट्ट करतो आणि मग अचानक कोसळल्यासारखा वाकतो. त्या वागण्याचा दोष सस्पेन्शनला देत महिनाभर स्क्रू फिरवत बसणे सहज शक्य आहे. दोन्ही टायर बदलण्याचे ठरवले.

पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गुळगुळीत आहे, मधल्या जागी खाच लागत नाही. फोर्कची खालची टोके धरून पुढेमागे हलवले, खडखड नाही. चाकांच्या बेअरिंगमध्ये खेळ नाही, चेनचे ताण ठीक आहेत.

९ नोव्हेंबर

नवे टायर बसले. आज पहिल्यांदा सॅग मोजला, म्हणजे गाडी स्वतःच्या आणि स्वाराच्या वजनाने आपल्या एकूण चालीपैकी किती खाली बसते ते पाहिले. यासाठी दोन माणसे मदतीला लागतात. एकट्याने मोजलेल्या सॅगवर माझा विश्वास नाही, कारण मोजायला वाकताच स्वाराचे वजन बदलते.

एकच माप घेऊन भागत नाही. सील आणि बुश (नळ्यांमधली सरकती कडी) यांच्या घर्षणामुळे फोर्क दाबून सोडल्यावर एका जागी थांबतो आणि उचलून सोडल्यावर दुसऱ्याच जागी थांबतो. म्हणून आधी चाक हवेत ठेवून डस्ट सीलपासून खालच्या ओतीव भागापर्यंतची उघडी नळी मोजली : १२२ मि.मी. मग मी पूर्ण पोशाखात, पाय फुटपेगवर आणि अंग नेहमीच्या वाकलेल्या स्थितीत ठेवून बसलो, एकाने गाडी मागून सरळ धरली, दुसऱ्याने पुढचा भाग दाबून अगदी सावकाश वर येऊ दिला आणि मोजले : ८८. नंतर उचलून तसेच सावकाश खाली येऊ दिले आणि मोजले : १०४. सरासरी ९६, म्हणजे सॅग २६ मि.मी. रस्त्यावरच्या वापरासाठी ३० ते ३५ हवा, तेव्हा तो कमी आहे. पण आजचा खरा आकडा २६ नसून ८८ आणि १०४ यांतला १६ चा फरक आहे. चांगल्या स्थितीतल्या फोर्कमध्ये हा फरक याच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणजे हा फोर्क १६ मि.मी.च्या पट्ट्यात कुठेही अडकून बसतो आणि लहान खड्डा त्याला जागचा हलवूच शकत नाही. खड्ड्याचा धक्का स्प्रिंगपर्यंत न जाता सरळ हँडलमधून मनगटात येतो. कोड्याचा अर्धा भाग इथे सुटला.

मागे ॲक्सलपासून शेपटीवर चिकटवलेल्या पट्टीवरच्या खुणेपर्यंत ५३१ मि.मी. भरले. गाडी नुसती स्वतःच्या वजनावर उभी केली तरी ५३१ च राहिले, म्हणजे मुक्त सॅग शून्य. मी बसल्यावर ५१२ आणि ५१८, सरासरी ५१५, सॅग १६ मि.मी. आणि घर्षण ६.

१० नोव्हेंबर

मोह आवरला नाही. सगळे क्लिक पुस्तिकेतल्या आकड्यांवर आणले आणि ठरलेल्या रस्त्यावर फेरी मारली. (हा रस्ता यापुढे प्रत्येक चाचणीसाठी तोच राहील : एक गुळगुळीत लांब वळण, एक ओळीने पाच-सहा उंचवटे असलेला सरळ तुकडा आणि एक उतार जिथे जोरात ब्रेक लावावा लागतो.) उंचवट्यांवर पुष्कळ सुधारणा झाली. रीबाउंड जवळजवळ बंद असताना फोर्क एका धक्क्याने आत जायचा आणि पुढचा उंचवटा येईपर्यंत पूर्ण वर येऊ शकायचा नाही. प्रत्येक धक्क्यागणिक तो आणखी खाली साचत जायचा आणि चौथ्या-पाचव्या उंचवट्यापर्यंत स्प्रिंग आधीच दबलेली असल्याने दगडासारखा लागायचा. स्वाराला वाटते स्प्रिंग कडक आहे, म्हणून तो कॉम्प्रेशन सैल करतो आणि फोर्क आणखीच खाली बसतो.

मात्र लहान सांध्यांवरचा ताठरपणा तसाच आहे आणि ब्रेकवरचे नाक घालणेही तसेच आहे. फोर्कच्या नळीवर केबल टाय गुंडाळून ठेवला होता, १२० मि.मी. चालीपैकी तो साध्या ब्रेकिंगमध्ये १०८ वर सरकला. क्लिकने होण्यासारखे होते तेवढे झाले.

१६ नोव्हेंबर

फोर्क उतरवले. उतरवण्याआधी वरच्या क्लॅम्पच्या (हँडलजवळ फोर्क आवळून धरणाऱ्या पकडीच्या) वर नळी किती बाहेर आहे ते व्हर्नियरने दोन्हीकडे मोजून लिहिले : ३ मि.मी., पुस्तिकेप्रमाणे. वरचे झाकण फोर्क गाडीवर असतानाच, वरचा क्लॅम्प सैल करून, अर्धा फेरा ढिले करून घेतले. फोर्क हातात आल्यावर ते ढिले करणे म्हणजे नळीला ओरखडे पाडणे.

फोर्कच्या डाव्या पायातील (नळीतील) तेल राखाडी, उजव्यातील जवळजवळ काळे आणि दोन्हींना कुजकट, नाकाला झोंबणारा वास. ते मोजपात्रात ओतून तासभर ठेवले तेव्हा तळाशी चंदेरी गाळाची पातळ साय बसली. हा स्प्रिंग, नळी आणि बुश यांचा वर्षानुवर्षांचा झिजलेला चुरा. तेल काढण्यापूर्वी स्प्रिंग बाहेर काढून आणि पाय पूर्ण दाबून आतली हवेची उंची, म्हणजे नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर, मोजली होती. पुस्तिकेत १०७ मि.मी. आहे, डावीकडे १०९, उजवीकडे १३८ भरली. उजव्या सीलमधून कुणाच्या नकळत झिरपत सुमारे ३० मिलिलिटर तेल गेलेले आहे.

नाक घालण्याचे उत्तर यात आहे. फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंगखेरीज बंदिस्त हवेची दुसरी स्प्रिंग असते. हवेचा स्तंभ दाबून निम्मा केला की दाब दुप्पट होतो, आणखी निम्मा केला की चौपट. म्हणून चालीच्या सुरुवातीला ही हवा जाणवतही नाही आणि शेवटच्या तिसऱ्या भागात तिचा जोर एकदम वाढतो. तेल कमी म्हणजे हवेचा स्तंभ उंच आणि शेवटचा आधार दुबळा. त्यात जुने तेल पातळ झाल्यामुळे कॉम्प्रेशनचा स्क्रू बंद असूनही त्याच्या हाती अडवण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, म्हणून फोर्क खाली जायचा तो झपकन जायचा. घर्षणाने सुरुवात ताठ आणि कमी तेलाने शेवट मऊ, असा हा एकाच वेळचा कडक आणि मऊ फोर्क होता.

बुश पाहिले. त्यांच्यावरचा काळसर टेफ्लॉनचा थर एका बाजूला पूर्ण जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडला होता. दोन्ही पायांचे बुश, ऑईल सील आणि डस्ट सील नवे घालायचे. उजव्या नळीवर नख अडकेल एवढी एक बारीक टोचणी सापडली. १५०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून तिची फक्त उभी राहिलेली कड घासली. खड्डा राहिला तरी चालतो, टोक राहिले तर नवे सील महिन्यात फाटते.

१७ नोव्हेंबर

जोडणी. सील चढवताना नळीच्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी घट्ट ताणून बसवली आणि तिला तेल लावले, म्हणजे सीलची ओठासारखी कड बुशच्या खाचेवरून जाताना कापली जात नाही. उलट्या फोर्कवर क्रम ठरलेला असतो : आधी डस्ट सील, मग तारेची क्लिप, मग ऑईल सील, वॉशर आणि शेवटी बुश. डावा पाय पूर्ण जोडला, सील ठोकून बसवले, समाधानाने हात पुसायला फडके उचलले तर त्याखाली तारेची क्लिप पडलेली. ती क्लिप सीलला जागेवर धरते. तिच्याविना पहिल्याच मोठ्या धक्क्याला सील बाहेर येऊन सगळे तेल ब्रेकवर सांडले असते. नुकतेच बसवलेले नवे सील काढताना खराब झाले. सीलचा जादा जोड घेतला नव्हता, त्यामुळे डाव्या पायाचे काम इथेच थांबले. उजव्या पायाच्या वेळी सगळे सुटे भाग फडक्यावर न ठेवता पांढऱ्या कागदावर क्रमाने मांडून, प्रत्येकाभोवती पेन्सिलीने गोल काढून ठेवले.

१९ नोव्हेंबर

सील आले, डावा पाय पुन्हा जोडला. तेलाविषयी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : डब्यावरच्या ५W किंवा १०W या आकड्यांवरून दोन कंपन्यांची तेले सारखी आहेत असे धरता येत नाही. तुलना करायची तर ४० अंश सेल्सियसला किती सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचे एकक) हे पाहावे. माझ्या डब्यावर १६ आहे आणि या पद्धतीच्या कार्ट्रिज फोर्कला (ज्यात तेल अडवणारी यंत्रणा आतल्या वेगळ्या नळीत असते) असेच पातळ तेल लागते. घट्ट तेल घालून फोर्क ‘मजबूत’ करण्याचा सल्ला सगळेच देतात, पण त्याने लहान भोकांतून जाणारा प्रवाह गुदमरतो आणि ताठरपणा परत येतो.

तेल ओतल्यावर आतला दांडा पूर्ण वर-खाली ओढून हवा काढली. पहिल्या पाच-सहा ओढींत दांडा मधेच मोकळा सुटतो, हाताला पोकळी लागते. बाराव्या ओढीपर्यंत दोन्ही दिशांना सलग, सारखा प्रतिकार लागू लागला. पाय उभा ठेवून पंधरा मिनिटे थांबलो, बुडबुडे वर येऊ दिले आणि मगच उंची १०७ वर आणली. जादाचे तेल पिचकारीला नळी लावून ओढून घेतले. दोन्ही पायांत एक मिलिमीटरचाही फरक ठेवला नाही.

२३ नोव्हेंबर

चाक बसवताना ज्या पायरीवर बहुतेक जण घाई करतात तिथे आज वेळ घेतला. ॲक्सल आवळल्यानंतर एका बाजूचे पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकाला ॲक्सल चिमटून धरणारे) मोकळेच ठेवले, गाडी स्टँडवरून उतरवली, पुढचा ब्रेक धरून फोर्क दहा-बारा वेळा जोरात दाबला आणि मगच ते बोल्ट आवळले. त्या बाजूचा पाय ॲक्सलवर आडवा सरकून आपली नैसर्गिक जागा घेतो. आधीच आवळले तर दोन्ही पाय किंचित आत किंवा बाहेर ओढलेले राहतात आणि नवे बुश, नवे सील, नवे तेल असूनही घर्षण तसेच उरते. आधीच्या माणसाने हेच केले होते अशी मला शंका आहे, कारण ॲक्सल काढताना तो शेवटच्या इंचाला ठोकून काढावा लागला होता.

प्रीलोड न हलवता सॅग मोजला : ९२ आणि ९८, सरासरी ९५, सॅग २७. घर्षण १६ वरून ६ वर आले. सॅग जवळजवळ तोच, फोर्क मात्र ओळखू येत नाही. मग प्रीलोड सात फेरे सैल केला; या झाकणाचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. आता ८५ आणि ९१, सॅग ३४. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हे इथे स्वच्छ दिसते : सात मिलिमीटर सैल केल्यावर गाडी सात मिलिमीटर खाली बसली, इतकेच. स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला पूर्वी जितका जोर मागत होती तितकाच आताही मागते.

३० नोव्हेंबर

मागची बाजू. स्विंगआर्मला हात न लावता शॉक आणि लिंकेज उतरवले. लिंकेजच्या तीनपैकी दोन पिनांवर तांबडा गंज होता, आणि सर्वांत खालच्या, चाकाचा चिखल थेट उडतो त्या सुईबेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी कोरडा तपकिरी भुगा. बारीक सुया एकेक करून केरोसीनमध्ये धुतल्या. चार सुयांवर खड्डे होते म्हणून ते बेअरिंग बदलले, बाकीची वाचली. लिंकेजची ही पद्धत १९८० च्या आसपास मोटोक्रॉसच्या गाड्यांवर रुळली आणि होंडाचे प्रो-लिंक, कावासाकीचे युनि-ट्रॅक, सुझुकीचे फुल फ्लोटर अशी तिची नावे तेव्हा गाड्यांच्या अंगावर मिरवली जात. आज ती इतकी सर्वसाधारण झाली आहे की गाडीच्या पोटाखाली तिला ग्रीस लागते हेच विसरले जाते. चाक दोन मिलिमीटर वर गेले की शॉक साधारण एक मिलिमीटर दबतो. त्यामुळे लिंकेजमधला जराही अडथळा चाकाच्या बाजूला वाढूनच जाणवतो.

जोडल्यावर घर्षण ६ वरून २ मि.मी.

१ डिसेंबर

मागचा प्रीलोड. मुक्त सॅग शून्य असणे म्हणजे शॉक वरच्या टोकाला जाऊन ठोकलेला आहे. चाक खड्ड्यात उतरायला जागाच नाही, तेव्हा खड्डा आला की चाक हवेत लटकते. पण शून्य हा आकडा फसवा आहे, कारण तो शून्याच्या खाली किती दडले आहे ते सांगत नाही.

हुक पान्याने वरची कडी सोडवून खालची पाच फेरे मागे आणली. आट्यांचे अंतर १.५ मि.मी., म्हणजे स्प्रिंगवर ७.५ आणि चाकाशी सुमारे १५ मि.मी. मोजले : मुक्त सॅग ८, मी बसल्यावर ३०. म्हणजे माझ्या वजनाने गाडी २२ मि.मी. बसते. आधी मात्र ती १६ च बसत होती. राहिलेले ६ मि.मी. वजन नुसता जादा प्रीलोड जिंकण्यात खर्ची पडत होते.

या दोन आकड्यांवरून स्प्रिंग वजनाला जुळते की नाही तेही कळते. स्वारासह ३० मिळवण्यासाठी प्रीलोड इतका आवळावा लागला असता की मुक्त सॅग उरलाच नसता, तर स्प्रिंग माझ्यासाठी मऊ ठरली असती. मुक्त सॅग पंधराच्या पुढे गेला असता तर कडक. ८ आणि ३० हे प्रमाण ठीक आहे, स्प्रिंग बदलण्याचा खर्च वाचला.

७ डिसेंबर (४१,३१८ कि.मी.)

पहिली खरी फेरी. मनगटे दुखली नाहीत. उताराच्या ब्रेकवर केबल टाय ९९ वर थांबला आणि तिथपर्यंत सावकाश गेला. पण गाडी वळायला आळशी झाली आहे. लांब वळणात थ्रॉटल उघडला की रेषा बाहेर सरकते आणि हँडल ढकलून धरावे लागते.

कारण कागदावरच सापडले. मागची बाजू १४ मि.मी. खाली आली आणि पुढची फोर्कच्या दिशेने ७, म्हणजे उभ्या मापात साडेसहाच्या आसपास. त्यामुळे मागचा भाग पुढच्याच्या तुलनेत सुमारे साडेसात मिलिमीटर बसला. चाकांमधले अंतर १,३९० मि.मी. धरले तर सगळी गाडी अंदाजे ०.३ अंशाने मागे कलली. इतक्या कोनाने स्टीअरिंग बदलते यावर मलाही अनुभवाआधी विश्वास नव्हता.

८ डिसेंबर

फोर्क क्लॅम्पमधून ५ मि.मी. वर सरकवले, आता वर ८ मि.मी. दिसतात. एका वेळी एकच पाय सैल केला आणि दोन्हीकडे व्हर्नियरने तपासले. फोर्क पूर्ण दबला तर मडगार्ड रेडिएटरला लागत नाही ना हे प्रीलोडचा भाग काढून, फोर्क तळापर्यंत बसवून पाहिले. बोटभर जागा उरते. गाडी पुन्हा मनाप्रमाणे वळते.

दुसरीच अडचण पुढे आली. पंचवीस मिनिटे जोरात चालवल्यावर मागची बाजू उंचवट्यांवर दोनदा-तीनदा डोलते; सुरुवातीला डोलत नाही. गरम झाले की आतले जुने तेल पातळ होते आणि रीबाउंड हरवतो. दोन क्लिक आवळून पाहिले, तेव्हा गरम असताना ठीक पण सकाळी थंडीत ताठ. जे क्लिक फक्त अर्ध्या तासासाठी बरोबर असतात ते क्लिक नव्हेत. शॉक उतरवून या कामाच्या जाणकाराकडे पाठवला. हा भाग घरी उघडायचा नाही. आत सुमारे १० बार दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, आणि हवा सोडून उघडलाच तरी पुन्हा भरायचे साधन आपल्याकडे नसते.

४ जानेवारी

शॉक परत आला : नवे तेल, नवे सील, नायट्रोजन आणि तेल वेगळे ठेवणारी नवी रबरी फुगी, नायट्रोजन भरलेला. स्प्रिंग त्यांनी काढून लावली असल्याने प्रीलोड जाग्यावर असेल असे धरले नाही. मोजले तर मुक्त सॅग ११. अर्धा फेरा आवळून ९ आणि ३१ वर समाधान मानले.

११ जानेवारी (४१,६०५ कि.मी.)

आता क्लिक. सुरुवात पुस्तिकेच्या आकड्यांवरून, एका फेरीत एकच बदल, प्रत्येक फेरीनंतर थांबून दोन ओळी लिहायच्या आणि मगच पुढचा स्क्रू. मध्यावरून एकेक क्लिक इकडेतिकडे करण्यापेक्षा आधी दोन्ही टोके चालवून पाहिली, अर्थात सावकाश. टोकाला काय होते ते अंगाने ओळखले की मधला फरक ओळखता येतो.

पुढचा रीबाउंड पूर्ण उघडा : वळणाच्या तोंडाशी ब्रेक सोडताच नाक उसळून वर येते, हँडल हलके होते आणि रेषा सुटते. पूर्ण बंद स्थितीपासून मोजून चार क्लिकवर उंचवट्यांच्या ओळीत साचण्याची ती जुनी खूण पुन्हा दिसली. आठवर दोन्ही नाही. उभ्या गाडीवर दाबून पाहिले तर फोर्क एकदाच वर येऊन थांबतो, खाली परतत नाही. ही उभ्याने केलेली परीक्षा ढोबळ आहे, पण रस्त्यावरच्या निकालाशी ती जुळली याचे बरे वाटले.

पुढचे कॉम्प्रेशन पूर्ण उघडे : टाय ११४ वर, म्हणजे तळाला जेमतेम सहा मिलिमीटर बाकी. पूर्ण बंद : टाय ९० वर आणि सांध्यांवर पुन्हा मनगटाला टोचणी, मात्र ३ नोव्हेंबरच्या मानाने काहीच नाही. शेवटी दहा क्लिकवर ठेवले, टाय १०४. उरलेले १६ मि.मी. अचानक समोर आलेल्या खड्ड्यासाठी राखून ठेवायचे आहेत. ठरलेल्या रस्त्यावरच सगळी चाल वापरली गेली तर अनोळखी रस्त्यावर काही शिल्लक राहत नाही.

१२ जानेवारी

मागे रीबाउंड दहा, कॉम्प्रेशन बारा. यावर फार लिहिण्यासारखे नाही. ताज्या तेलाचा शॉक चाळीस मिनिटांनंतरही तसाच वागला आणि तीन फेऱ्यांत काम झाले. कॉम्प्रेशन दोन क्लिक सैल केल्याने पाठीला मिळालेला आराम ठळक होता, वळणातल्या पकडीत फरक कळला नाही.

कागदावर सगळे उतरवून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून सीटखाली ठेवले. क्लिकचे चार आकडे त्यात सर्वांत खालच्या ओळीत आहेत. पहिल्या ओळीत थंड टायरची हवा, दुसरीत स्वाराचे ८४ किलो, तिसरीत सॅग ३४ आणि ३१ व क्लॅम्पवरचे ८ मि.मी., चौथीत फोर्कमधील तेलावरच्या हवेची उंची १०७ आणि तेल बदलल्याची तारीख. उजव्या नळीवरच्या त्या टोचणीजवळ आज संध्याकाळी बोट फिरवून पाहिले, कोरडी आहे.